सांभाळून घेणाऱ्यांनो!

दिवाळी अंकात कारकुनावर लिहायचे म्हणजे विनोदी लिहायचे, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. नाकावर उतरलेला चष्मा, टेबलावर फायलींचा ढीग आणि त्या ढिगाआड लागलेली डुलकी, एवढे साहित्य जमवले की चकलीबरोबर खायला एक लेख तयार होतो. असले लेख मीही लिहिले आहेत आणि त्यांचे मानधनही घेतले आहे. तेव्हा दुसऱ्या कोणाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण यंदा मला हसायचे नाही, भांडायचे आहे. ज्याला काम येत नाही त्याच्याशी भांडणे फार सोपे असते. माझे भांडण आहे ते त्याच्याभोवती बसलेल्या समंजस, प्रेमळ आणि सांभाळून घेणाऱ्या मंडळींशी. त्या मंडळींत पहिला मीच बसलो आहे.

आमची शाळा तालुक्याच्या गावातली. मी तिथे चित्रकला शिकवतो. शाळेची कचेरी म्हणजे एक लांबट खोली, तीन लोखंडी कपाटे, एक संगणक आणि खिडकीत ठेवलेला पाण्याचा माठ. हेडक्लार्कची जागा कित्येक वर्षे रिकामी. त्यामुळे सगळा डोलारा एका कनिष्ठ लिपिकावर उभा. हे गृहस्थ अनुकंपा तत्त्वावर लागलेले. त्यांचे वडील याच खुर्चीवर बसत आणि नोकरीत असतानाच गेले. वडिलांच्या हातचे जनरल रजिस्टर आजही काढून पाहावे. समर्थांनी दासबोधाच्या 19व्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, लिहिलेले कसे जपावे, हे त्यात सांगितले आहे. म्हातारबुवांनी तो वाचला होता की नाही ते देव जाणे, पण पाळला मात्र होता.

मुलाला खुर्ची मिळाली, विद्या मिळाली नाही. माणूस सोन्यासारखा. कोणाच्या घरी मयत झाली तर पहिला हजर. कोणाच्या मुलीचे लग्न निघाले तर पंगतीत वाढायला शेवटपर्यंत उभा. पण जन्मतारीख अंकी एक आणि अक्षरी दुसरी लिहायची, पगारबिलात एकाची कपात दुसऱ्याच्या नावावर टाकायची, दाखला मागायला आलेल्याला ‘उद्या या’ म्हणायचे आणि उद्या पुन्हा तेच म्हणायचे, हा त्यांचा नित्यक्रम. पूर्वी असली चूक एका रजिस्टरात गुपचूप पडून राहत असे. आता ती संगणकावर चढते आणि पाहता पाहता पुण्या-मुंबईला पोचते. आधारवरचे नाव आणि रजिस्टरातले नाव जुळले नाही की पोराचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो, आणि आईबापांना मजुरी बुडवून तालुक्याला खेपा घालाव्या लागतात.

मग आम्ही काय केले? आम्ही त्यांना सांभाळून घेतले. गणिताच्या बाईंनी पगारबिले तपासायला घेतली. विज्ञानाच्या सरांनी संगणकावरची माहिती भरायला घेतली. माझे अक्षर बरे आणि माझे तासही थोडे, म्हणून शाळा सोडल्याचे दाखले माझ्याकडे आले. कोणी हुकूम काढला नाही, सभा घेतली नाही. आठ वर्षांत कामे अशी आपोआप वाटली गेली आणि कारकुनांच्या टेबलावर वर्तमानपत्र तेवढे उरले. मुख्याध्यापक दर साली त्यांच्या गोपनीय अहवालात ‘चांगले’ असा शेरा मारीत. आम्ही शिक्षक खोलीत त्यांच्या चुकांच्या नकला करून पोट धरून हसत असू, आणि ते आत आले की ‘या, चहा घ्या’ म्हणून सरकून जागा करून देत असू. याला आम्ही माणुसकी म्हणत होतो.

आता या माणुसकीचे बिल कोणाच्या नावावर फाटले ते सांगतो.

वाचकांपैकी ज्यांची मुले चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसतात त्यांना ठाऊक असेल की, इंटरमीजिएट परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात. ए श्रेणीला 7, बी श्रेणीला 5 आणि सी श्रेणीला 3. मात्र ते आपोआप मिळत नाहीत; शाळेने मुदतीत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. दोन वर्षांपूर्वी आमची 11 मुले पात्र होती. यादी मी केली, प्रमाणपत्रांच्या प्रती जोडल्या आणि पाकीट कचेरीत दिले. एरवी पाकीट खरोखर गेले की नाही हे मी स्वतः पाहत असे. त्या वर्षी पाहिले नाही. का पाहिले नाही? कारण त्या आठवड्यात मी कचेरीतलेच दाखले लिहीत बसलो होतो! दुसऱ्याचे काम करण्याच्या पुण्यात मी माझे काम विसरलो.

निकाल लागला तेव्हा एकाही मुलाच्या गुणपत्रिकेत चित्रकलेचे गुण नव्हते. शोधाशोध केली तेव्हा पाकीट कारकुनांच्या खणात सापडले. सोबतचे पत्र कसे लिहायचे ते त्यांना कळले नव्हते, आणि विचारायची लाज वाटली होती. मुदत कधीच उलटून गेली होती.

अकरांपैकी दहा जणांचे फारसे अडले नाही. अकरावी मुलगी एका विटभट्टीवरच्या मजुराची. तिची श्रेणी ए. 500 पैकी 7 गुण म्हणजे 1.4 टक्का. शहरातल्या माणसाला हा हिशेब हास्यास्पद वाटेल. पण दहावीच्या गुणांवर जिथे पदविकेचा प्रवेश ठरतो तिथे एवढ्यात यादीतली कितीतरी नावे वरखाली होतात. जिल्ह्याच्या गावच्या सरकारी तंत्रनिकेतनात तिचे नाव थोडक्यात हुकले. खाजगी ठिकाणची फी भरण्याची ऐपत नव्हती.

तिचे वडील शाळेत आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले. मुख्याध्यापक म्हणाले, ‘काय करणार, वरूनच काहीतरी घोटाळा झाला.’ कारकून खाली मान घालून बसले होते. मी दाराशी उभा होतो. मी काही बोललो नाही. तो गृहस्थ म्हणाला, ‘आमचंच नशीब, साहेब,’ आणि गेला.

चार दिवस मला जेवण गोड लागले नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या झोपडीवर गेलो आणि खरे काय ते सांगितले. वाटले होते, तो माणूस चिडेल, शिव्या देईल. त्याने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘मग गुरुजी, त्या दिवशी तुम्ही गप का बसला?’

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा सगळा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

सांभाळून घेणारे म्हणतात, ‘कोणाच्या पोटावर पाय कशाला आणायचा?’ वाक्य मोठे धर्माचे दिसते. पण पोटावर पाय आणा असे कोणी म्हटले आहे? नोकरीवरून काढणे आणि झाकून नेणे, या दोन टोकांच्या मध्ये भला रुंद रस्ता आहे. माणसाला तोंडावर सांगता येते. शिकवता येते. त्याचे काम तपासून त्याच्याच हातून दुरुस्त करून घेता येते. काम बदलून देता येते. या रस्त्याने आम्ही आठ वर्षांत एक पाऊलही टाकले नाही, कारण तिथे वाईटपणा घ्यावा लागतो. आम्ही जपत होतो ते त्यांचे पोट नव्हे, आमचा चांगुलपणा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. पण आमच्या भिडेपायी भिकेला लागायची पाळी आमच्यावर येत नव्हती, ती त्या विटभट्टीवर येत होती. सवलत देणारा एक, घेणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसरा, असा हा व्यवहार. आणि तो तिसरा त्या वेळी खोलीत नसतो, म्हणून तर आपण इतके उदार होऊ शकतो!

दुसरे म्हणतात, ‘कायद्यानेच हात बांधले आहेत, करणार काय?’ यांनी कायदा उघडून पाहिलेला नसतो. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्राचा अधिनियम 1977 चा आणि त्याखालची नियमावली 1981 ची. त्या नियमावलीने बुद्ध्या आणि सतत केलेली हयगय वेगळी मांडली आहे आणि अकार्यक्षमता वेगळी. म्हणजे कामचुकार आणि काम न येणारा, हे दोघे एक नव्हेत, हे नियम करणाऱ्यांना कळत होते. आम्हाला कळत नव्हते. शिवाय अकार्यक्षमतेचा खुलासा करताना वारंवार सूचना देऊन आणि सोयी पुरवूनही ज्ञान अद्ययावत न ठेवणे, अशा अर्थाची अट तिथे आहे. तो तपशील मुख्यतः शिक्षकांना धरून आहे हे खरे. पण त्यातला न्याय कारकुनालाही लागू पडावा असाच आहे. आधी सांगा, आधी साधने द्या, मग दोष द्या. आम्ही न सांगितले, न दिले. आठ वर्षे नुसती नक्कल केली. गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा लिहिला तर तो त्या माणसाला लेखी कळवावा लागतो, आणि तेवढे एक पत्र टाळण्यासाठी ‘चांगले’ हा शब्द दर साली खोटा लिहिला गेला.

1969 साली लॉरेन्स पीटर या शिक्षणक्षेत्रातल्या गृहस्थाने रेमंड हल यांच्यासह एक पुस्तक लिहिले. उतरंडीत माणूस बढती घेत घेत जिथे त्याची कुवत संपते तिथे जाऊन बसतो, असा त्याचा सिद्धान्त. तो मोठ्या कचेऱ्यांना शोभतो. आमच्या चिमुकल्या कचेरीत चढायला पायऱ्याच नाहीत. इथे माणूस पहिल्याच दिवशी बापाच्या खुर्चीत बसवला जातो आणि ‘हुशार बापाचा मुलगा’ म्हणून त्याला काही शिकवायचे राहून जाते. अनुकंपेने भाकरी दिली, याबद्दल माझी तक्रार नाही; घरचा कर्ता गेलेल्या कुटुंबाला ती मिळायलाच हवी. माझी तक्रार आहे ती अनुकंपा नेमणुकीच्या कागदाशीच संपली याबद्दल.

आता शेवटची आणि मला सर्वांत बोचणारी गोष्ट. सांभाळून घेण्यात एक गोडी असते. ‘मास्तर, तुम्ही नसता तर या कचेरीचे काय झाले असते!’ असे मुख्याध्यापक म्हणत, तेव्हा मला आतून बरे वाटे. शेजारचा माणूस अडाणी राहिला तर आपले शहाणपण उठून दिसते. त्याला शिकवले असते तर माझी गरज संपली असती. मंडळी, आपल्या दयेला हा असा वास येतो का, ते ज्याने त्याने हुंगून पाहावे. आणि कचेरीतच कशाला, घरातही पाहावे. ‘राहू दे, तुला जमायचे नाही, मीच करते’ असे म्हणून सुनेच्या हातातली परात काढून घेणारी सासू आणि मी, यांत फारसा फरक नाही.

त्या भेटीनंतर मी दाखले लिहिणे बंद केले. कारकुनांना एकटे गाठून सांगितले, ‘तुम्हाला हे काम येत नाही, आणि हे तुम्हाला आठ वर्षे कोणी सांगितले नाही, हा आमचा अपराध आहे. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास बसू.’ त्यांचा चेहरा पांढरा पडला. दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. गणिताच्या बाई म्हणाल्या, ‘असे तोंडावर बोलायला नको होते.’ मग एके दिवशी ते स्वतःहून वडिलांचे जुने रजिस्टर घेऊन आले आणि म्हणाले, ‘हा रकाना कसा भरायचा ते बाबांनी कधी सांगितलं नाही. तुमच्यापैकी कोणीच सांगितलं नाही.’ आम्ही बसलो.

ते आता पट्टीचे कारकून झाले आहेत असे सांगून मी तुम्हाला दिवाळीचा लाडू देणार नाही. जन्मतारखा जुळतात, पगारबिलात अजून घोटाळे होतात. पत्राचा मसुदा अडला तर मात्र ते येऊन विचारतात. गेल्या वर्षीचा प्रस्ताव मुदतीच्या नऊ दिवस आधी गेला आणि त्याची पोच त्यांनी माझ्यासमोर धरली. ती मुलगी गावातच अकरावीला गेली. तिचे 7 गुण मात्र कोणी परत आणून देऊ शकत नाही.

दिवाळीची सुट्टी संपेल आणि तुमची कचेरी उघडेल. तिथेही कोपऱ्यात एक टेबल असेल, ज्याच्याविषयी सगळे मागे बोलतात आणि पुढे चहा विचारतात. त्या टेबलाशी जाऊन खुर्ची ओढून बसा आणि जे मागे बोलता ते समोर, हळू आवाजात, मदतीच्या हातासकट बोला. वाईटपणा येईल, तो घ्या. नाहीतर एक दिवस टोपी हातात धरलेला कोणी तुम्हालाही विचारील, ‘तुम्ही गप का बसला?’ तेव्हा ‘आम्ही सांभाळून घेत होतो’ हे उत्तर त्याला देऊन पाहा. मला तरी ते देववले नाही.