कापूस फासला की सियाचिन होत नाही

गणपतीत आणि शाळांच्या प्रदर्शनांत सियाचिनचा देखावा करायची आपल्याकडे मोठी हौस आहे. थर्माकोल कोरून केलेला डोंगर, त्यावर तीन-तीन इंचांचे रंगवलेले जवान, एक तिरंगा, आणि शेवटी सगळ्यांवर सारखाच कापूस. डोंगरावर कापूस, तंबूवर कापूस, जवानाच्या टोपीवर, खांद्यावर आणि गालावरही कापूस. केळापूर तालुक्यात तर कापूस विकतही आणावा लागत नाही. लोक येतात, हात जोडतात, फोटो काढतात. परीक्षक गुण देतात.

हे गुण देणं आता थांबवावं, असं माझं म्हणणं आहे. हौशी कलाकारांवर माझा राग नाही. हातात ब्रश धरून तीन इंचांच्या पुतळ्याचे डोळे रंगवणाऱ्या मुलाबद्दल मला आदरच आहे. पण त्याच मुलाने दोन दिवस खपून रंगवलेल्या चेहऱ्यावर शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी पांढरं काहीतरी भुरभुरवतं आणि त्याला बर्फ म्हणतं. हा त्या पुतळ्यावर अन्याय आहे, आणि ज्याचा तो पुतळा आहे त्याच्यावर तर जास्तच.

गालापासून सुरुवात करू. जिवंत माणसाचा गाल गरम असतो. त्यावर पडलेला हिमकण वितळतो. जो चेहरा उघडा आहे आणि ज्यावर बर्फ साचून राहिला आहे, तो बहुधा मेलेल्या माणसाचा असतो. कडाक्याच्या थंडीत जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर बर्फ दिसतो तो मिशीवर, भुवयांवर, पापण्यांवर आणि तोंडापुढच्या मफलरवर, कारण तिथे त्याचाच श्वास गोठलेला असतो. म्हणजे बर्फाच्या जागेवरून कळतं की हा माणूस श्वास घेतो आहे. आपण मात्र गालावर कापूस चिकटवून जवानाचं प्रेत करतो आणि खाली ‘अमर रहे’ची पाटी लावतो.

आता माप पाहा. पुतळा तीन इंचांचा, म्हणजे माणसाच्या साधारण बाविसाव्या हिश्शाचा. त्याच्या पायाशी पसरलेला थर्माकोलचा मणी तीन मिलिमीटरचा. त्या जवानाच्या जगात हा मणी साडेसहा सेंटिमीटरचा होतो, जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूएवढा. कापसाचा तीन सेंटिमीटरचा तंतू त्याच्या जगात दोन फुटांहून लांब. हिमालयात असा केसाळ बर्फ कुठेही पडत नाही. थर्माकोलच्या वस्तूंवर राज्याने 2018 साली बंदी घातली, तेव्हा देखाव्यांचं कसं होणार म्हणून ओरड झाली. मणी गेले असते तर बरंच झालं असतं; पण त्यांच्या जागी कापूस वाढला आणि नजर होती तिथेच राहिली.

दोष आपल्या भाषेचाही थोडा आहे. भुसभुशीत पडतो तोही बर्फ, घट्ट गोठतो तोही बर्फ. पण रंगवणाऱ्याला या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोठलेलं दव ही तिसरी. भुसभुशीत बर्फ वरून पडतो, म्हणून तो आडव्या जागी साचतो आणि वारा ज्या बाजूने येतो तिथे चिकटतो. सगळीकडे सारखा कधीच नसतो. दव गोठतं ते निरभ्र, वारा नसलेल्या रात्री. ज्या वस्तू उघड्या आभाळाखाली असतात त्यांची उष्णता निघून जाते, म्हणून गवताच्या पात्याची कड, टोपीची कड, पिशवीची वरची बाजू आधी पांढरी होते. झाडाखालची जमीन कोरडी राहते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठतं, त्या सकाळचे फोटो नीट पाहिले तरी हे कळेल. पुतळ्यावर हे दाखवायला पांढरा रंग जवळजवळ पुसून टाकलेला कोरडा ब्रश फक्त वरच्या कडांवरून फिरवावा लागतो. फवाऱ्याचा डबा इथे कामाचा नाही.

घट्ट बर्फ तर पांढरा नसतोच. तो पारदर्शक असतो. आत हवेचे बुडबुडे अडकले की दुधाळ दिसतो, आणि खूप जाड झाला की निळसर, कारण पाणी तांबडा प्रकाश थोडा जास्त शोषून घेतं. म्हणून वरून निळा-पांढरा रंग लावून तो होत नाही. आधी खालचा खडक रंगवायचा, मग त्यावर पारदर्शक वॉर्निशचे पातळ थर एकावर एक वाळवत न्यायचे, आणि मधल्या एखाद्या थरात किंचित पांढरा मिसळायचा. फेविकॉलमध्ये खाण्याचा सोडा कालवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, पण ते मिश्रण काही काळाने पिवळं पडतं. मीठ वापराल तर भाद्रपदाच्या दमट हवेत त्याला पाणी सुटेल.

छपरावरून लोंबणाऱ्या बर्फाच्या सुया ही सर्वांची आवडती गोष्ट. कुठेही लावतात, तिरक्यासुद्धा. पण सुई व्हायला वर वितळणारं पाणी लागतं आणि खाली गोठवणारी थंडी. डोंगरात ते वितळवण्याचं काम ऊन करतं, आणि माणसाच्या निवाऱ्यावर आतली शेगडीही करते. म्हणजे तंबूच्या कडेला ओळंब्यासारखी सरळ लोंबणारी एक सुई दाखवली, की आत कुणीतरी जागं आहे हे न सांगता कळतं. ‘इथे कुणीतरी जगतो आहे’ हे सांगणारी इतकी स्वस्त खूण दुसरी नाही, आणि आपण ती शोभेसाठी वाया घालवतो.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं : लोक देवदर्शनाला येतात, विज्ञान शिकायला नाही. मान्य. पण याच लोकांना मूर्तीच्या सोंडेची दिशा चुकलेली चालत नाही. उंदराच्या जागी ससा ठेवून पाहा. जिथे भक्ती असते तिथे आपण बारकावा मागतो. जवानाच्या बाबतीत मागत नसू, तर त्याच्याबद्दलची आपली भक्ती कितपत आहे हेच त्यातून दिसतं. 2016 च्या फेब्रुवारीत सियाचिनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याकडचा एक जवान होता. त्यांच्यावर पडलेल्या बर्फाला वजन होतं. त्यांना वाहिलेल्या देखाव्यात बर्फ फुलांच्या पाकळ्यांसारखा हलका दिसावा, यात श्रद्धांजली कुठे आहे?

दुसरं उत्तर : पंचेचाळीस अंशांत राहणाऱ्या आम्ही बर्फ कुठे पाहायचा? हे मला मुळीच पटत नाही. उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी असते. ती कडेला काचेसारखी आणि मध्ये दुधाळ असते, कारण बाहेरून आत गोठताना पाणी आपल्यातली हवा मध्यभागी ढकलत नेतं. घट्ट बर्फ कसा रंगवायचा याचा सगळा धडा त्या लादीत आहे. आणि गारा? गार फोडून पाहिली तर कांद्यासारखे थर दिसतात, एक दुधाळ, एक स्वच्छ. विदर्भातल्या कुठल्या मुलाने गार हातात धरलेली नाही?

गारांपाशी आलो की खरं दुखणं सापडतं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, विदर्भही त्यातून सुटला नाही. त्यानंतरही ती अधूनमधून येतच असते. दर वेळी रस्त्यावर पांढरा थर साचतो आणि दर वेळी कुणीतरी फोटो टाकून लिहितं, ‘आपल्याकडे काश्मीर अवतरलं’. त्या पांढऱ्याखाली घाटे झडलेला हरभरा असतो, आडवा पडलेला गहू असतो. फोटोत तो दिसत नाही, कारण पांढरं दिसलं की सुंदर म्हणायचं, अशी नजर आपण स्वतःला लावून घेतली आहे. ही नजर काही आभाळातून पडत नाही. ती लहानपणापासून अशाच देखाव्यांसमोर उभं राहून तयार होते, जिथे बर्फ ही नेहमी सजावट असते आणि तिच्याखाली काय झालं हे कुणी विचारत नाही.

म्हणून यंदा पांढरकवड्यातल्या किंवा कुठल्याही गावातल्या पोरांनी सियाचिन जरूर करावं. कापूसही वापरावा, पण कात्रीने भुग्याइतका बारीक करून, आणि वारा कुठून येतो हे आधी ठरवून. गाल उघडा ठेवावा, मिशी पांढरी करावी. आणि जमलंच तर सियाचिनशेजारी वीतभर शेत करावं : मोडलेलं हरभऱ्याचं रोप, बांधावर उभा तीन इंचांचा शेतकरी, त्याच्या पायाशी वॉर्निशच्या थेंबांच्या, मोहरीएवढ्या दुधाळ गारा. परीक्षकांनी त्या दोन पुतळ्यांकडे वाकून पाहावं आणि मगच गुण द्यावेत.