सहल पेठांतून, तीही पायी

डिसेंबर उजाडला की शिक्षक-खोलीत सहलीची चर्चा सुरू होते. वॉटर पार्क, रिसॉर्ट, नाहीतर अजून कुठलं तरी 'पार्क'. मुलांना मजा येते, नाही असं नाही. पण पुण्यातच दहा वर्षं शाळा शिकून कसबा पेठ एकदाही पायी न पाहिलेली मुलं आपल्या वर्गात बसलेली असतात, हे मला खटकतं.

माझं म्हणणं एवढंच की वर्षातून एक सहल जुन्या पुण्यातून चालत काढावी. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, भिडे वाडा, तुळशीबाग, विश्रामबाग वाडा आणि शेवटी मंडई. अंतर फार तर दोन-अडीच किलोमीटर.

शनिवारवाड्यावर बऱ्याच शाळा जातात. दिल्ली दरवाजापुढे फोटो, वहीत १७३२ हे साल, झालं! त्याऐवजी तिथे मुलांना विचारा, की वाड्यात पाणी कुठून यायचं? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरातल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. विज्ञानाच्या बाईंनाही बरोबर घ्या! लाल महालात मात्र स्पष्ट सांगा, की मूळ वास्तू उरलेली नाही, ही महापालिकेनं नव्यानं बांधलेली आहे. अस्सल आणि नंतरचं यातला फरक कळणं हाही इतिहासच.

पण या वाटेवर जास्तीत जास्त वेळ द्यावा तो दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडे वाड्याच्या जागेला. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. हा वाडा वर्षानुवर्षं कोर्टकचेरीत अडकला, मोडकळीला आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. तो उभा होता तेव्हा किती शाळांनी मुलांना तिथे नेलं असेल? स्मारक होईल, चांगलंच आहे. पण ते जुने जिने, त्या खोल्या आता कुठल्याच मुलीला दिसणार नाहीत.

अंगावर शेण-चिखल झेलत सावित्रीबाई शाळेत जात, हे आपण वर्गात वाचतो. परीक्षेत ते दोन गुणांना येतं. तेच या गर्दीच्या पेठेत उभं राहून सांगून बघा. पेशव्यांच्या दरवाजापासून इथवर चालत दहा मिनिटं लागतात, आणि १८१८ ला पेशवाई बुडाल्यापासून ही शाळा सुरू व्हायला तीस वर्षं. मुलांना हे सनावळीतून कळत नाही, पायांना कळतं.

पालक म्हणतील, "अहो, लक्ष्मी रोड ओलांडायचा कसा?" काळजी रास्त आहे. म्हणून सकाळी सातला निघावं, दुकानं उघडायच्या आत. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, त्यासाठी पालकांनीच यावं. पेठेत वाढलेले आजी-आजोबा आले तर सोन्याहून पिवळं. फूटपाथ जिथे जिथे गायब आहे त्या जागा मुलांनी वहीत टिपाव्यात आणि महापालिकेला पत्र लिहावं. पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच की.

मंडईत पोचलात की प्रत्येक गटाच्या हातात पन्नास रुपये द्या आणि भाजी आणायला पाठवा. भाव मुलांनीच करायचा, हिशेबही त्यांनीच द्यायचा.