आठ मित्रांची गोवा ट्रिप ग्रुपवरच का अडते?
व्हॉट्सॲपने 2022 मध्ये पोल आणले. तरी ट्रिप ठरत नाही, कारण पोलवर 'हो' म्हणायला खिशातून काहीच जात नाही. इकडे रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं. त्यात एका आरक्षित तिकिटावर सहाच प्रवासी, म्हणजे आठ जणांची दोन तिकिटं. पैसे भरतो बहुतेकदा एकच मित्र. कोणी गळालं की रद्द करण्याचा भुर्दंडही त्याच्याच माथी (आणि तो मागायला लाजतो). ट्रिपचं ॲप बनवणाऱ्यांनी नकाशे सजवण्याआधी हे सोडवावं. आरक्षण सुरू होण्याआधीच उत्तराची मुदत संपावी आणि 'हो'सोबत यूपीआयने थोडी आगाऊ रक्कम जमा व्हावी. माघार घेतल्यास त्यातले किती परत मिळतील, हे पैसे भरतानाच स्क्रीनवर दिसायला हवं.