‘ऑटोफॅगी वाढते’ म्हणजे नेमके काय मोजले?

गेल्या काही वर्षांत ‘ऑटोफॅगी’ हा शब्द प्रयोगशाळेतून निघून आपल्या दवाखान्यातील बाकावर येऊन बसला आहे. २०१६ साली जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि तेव्हापासून उपवासाचे नाना प्रकार, काही गोळ्या, इतकेच काय, हळदीचे अर्कही ‘ऑटोफॅगी वाढवतात’ असे सांगितले जाऊ लागले. सल्फोनिलयुरिया चालू असलेले मधुमेही गृहस्थ सोळा तास निराहार राहून घामाघूम अवस्थेत माझ्यासमोर बसतात आणि ‘डॉक्टरसाहेब, पेशींची सफाई चालू आहे,’ असे समाधानाने सांगतात, तेव्हा या विषयाकडे केवळ कुतूहलाने पाहून भागत नाही. ‘वाढते’ म्हणणाऱ्याने काय मोजले, हे विचारणे आपणा डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९६३ साली ख्रिस्तियान द डुव यांनी हा शब्द रूढ केला; मराठीत आपण त्यास स्वभक्षण म्हणू. पेशी आपल्यातील जीर्ण भाग दुहेरी पटलाच्या पिशवीत गुंडाळते, ती पिशवी लायसोसोमशी एकरूप होते आणि आतील ऐवजाचे विघटन होऊन घटकद्रव्ये पुन्हा वापरात येतात. म्हणजे हा एक प्रवाह आहे, आणि मोजमापाची खरी अडचण येथेच आहे. आम्हा इंदूरकरांना हे सहज कळावे. रस्त्यावर कचऱ्याच्या गाड्या पुष्कळ दिसू लागल्या, तर कचरा झपाट्याने उचलला जात असेल. अथवा देवगुराडियाच्या मैदानाचे फाटक बंद पडून गाड्या खोळंबल्या असतील. नुसत्या गाड्या मोजून यांपैकी काय खरे, ते कळत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पिशव्यांची संख्या वाढलेली दिसली, तरी हाच पेच उरतो. २००० साली एलसी-३ या प्रथिनाचा उपयोग ध्यानात आला आणि काम सुकर झाले. या प्रथिनास मेदाचा रेणू जोडला की त्याचे दुसरे रूप तयार होते व ते पिशवीच्या पटलावर जाऊन बसते. वेस्टर्न ब्लॉटवर या रूपाची पट्टी वेगळी दिसते. प्रथिनास हिरवे चकाकणारे प्रथिन जोडले तर पेशीत ठिपके दिसतात. पट्टी गडद झाली, ठिपके वाढले की ‘स्वभक्षण वाढले’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह अनेकांना झाला. परंतु लायसोसोमचे काम थांबले तरीही पट्टी गडदच होते! म्हणून बॅफिलोमायसिन किंवा आपल्या जुन्या परिचयाचे क्लोरोक्वीन घालून विघटन मुद्दाम रोखावयाचे आणि रोधकासह व रोधकाविना अशा दोन्ही पट्ट्यांची तुलना करावयाची. रोधकामुळे पट्टीत जी भर पडते, ती प्रवाहाची खूण. तपासावयाच्या औषधाने पट्टी आधीच गडद झाली असून रोधक घातल्यावर तीत काहीच भर पडत नसेल, तर ते औषध स्वतःच फाटक बंद करीत असल्याचा दाट संशय घ्यावा.

लाल व हिरवे अशी दोन प्रथिने एकत्र जोडण्याची युक्तीही सुरेख आहे. लायसोसोमच्या आम्लात हिरवा प्रकाश मावळतो, लाल टिकतो. म्हणून मुक्कामी पोहोचलेल्या पिशव्या लाल आणि वाटेवरच्या पिवळ्या दिसतात. पी-६२ हे प्रथिन विघटनाबरोबर घटते. मात्र त्याची निर्मितीही कमीअधिक होत असल्याने एकट्या त्यावर विसंबू नये. ओसुमींनी तर यीस्टमधील विघटक एन्झाइमेच काढून टाकली होती. उपाशी यीस्टच्या पोकळीत न पचलेल्या पिशव्या साचलेल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसल्या. त्यांचे फाटक जाणूनबुजून बंद केलेले असल्यामुळेच तेथे साचलेला ढीग हा पुरावा ठरला.

हा भेद केवळ प्रयोगशाळेपुरता आहे, असे कोणी मानू नये. दीर्घकाळ क्लोरोक्वीन घेतलेल्या एखाद्या रुग्णास स्नायुविकार जडतो, तेव्हा त्याच्या स्नायूच्या बायॉप्सीत या पिशव्या खच्चून भरलेल्या आढळतात. डॅनन विकारात लायसोसोमचे लॅम्प-२ हे प्रथिन नसते. तेथेही तेच दृश्य, आणि हृदय निकामी होत जाते. यास स्वभक्षणाची भरभराट म्हणावी काय?

उपवासाविषयी म्हणाल, तर २००४ साली जपानमध्ये उंदरांवर झालेल्या अभ्यासात उपासमारीने स्नायूंत ठिपके वाढले, मेंदूत मात्र वाढ दिसली नाही. २०१० साली अमेरिकेतील गटास मेंदूच्या पेशींतही ती दिसली. उंदरांतच हे मतभेद, आणि उंदराचा एक दिवसाचा उपवास म्हणजे माणसाची एकादशी नव्हे. माणसाच्या रक्ताचा नमुना घेऊन त्यात क्लोरोक्वीन घालून पांढऱ्या पेशींतील प्रवाह मोजण्याची पद्धत २०२१ साली प्रसिद्ध झाली. हे पाऊल मला महत्त्वाचे वाटते. तरी त्यावरून यकृताचे वा मेंदूचे अनुमान काढणे धाडसाचे होईल.

डॅनियल क्लिओन्स्की आणि जगभरातील त्यांचे सहकारी या पद्धतींविषयी २००८ पासून मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध करीत आले आहेत. २०२१ साली त्यांची चौथी आवृत्ती आली. कोणतीही एक पद्धत पुरेशी नाही, हे त्यांत निक्षून सांगितले आहे. आपल्या मासिक सभांतून औषध कंपन्यांचे वक्ते रंगीत ठिपक्यांची चित्रे दाखवितात, आपण टाळ्या वाजवितो आणि भोजनास उठतो. पुढील सभेत कोणीतरी उभे राहून एवढेच विचारावे : रोधक घातलेला नमुना कोठे आहे? मोजमाप कोणत्या पेशींत केले, माणसाच्या की उंदराच्या? उत्तर मिळेपर्यंत, सल्फोनिलयुरिया घेणाऱ्या माझ्या रुग्णांस मी उपवासापूर्वी मात्रेविषयी विचारून जाण्यास आणि खिशात साखर बाळगण्यास सांगत राहीन.