काटकसर कुणाच्या ताटातून?

महागाई वाढली की घरखर्च कमी करण्याचे उपाय सांगणाऱ्यांनाही ऊत येतो. पूर्वी हे सल्ले वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून यायचे, आता ते मोबाइलवर येतात. यादी करूनच बाजाराला जा, उरलेल्या भाताचे वडे करा, जुन्या साडीचे पडदे शिवा, गॅस मंद ठेवा. सल्ले तसे चुकीचे नाहीत. पण ते सगळे एकाच व्यक्तीला उद्देशून असतात, घरातल्या बाईला. घराचा खर्च म्हणजे स्वयंपाकघराचा खर्च, आणि तो आवरायची जबाबदारी तिची, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं.

जालना जिल्ह्यात बचत गटांबरोबर काम करताना मला एक गोष्ट रोज दिसते. आमच्या बायांना काटकसर शिकवायची काही गरज नाही. तेलाची धार किती बारीक धरायची आणि मूठभर डाळीत आठ माणसं कशी जेवू घालायची, हे समाजकार्याची पदवी घेतलेल्या माझ्यासारखीला त्याच शिकवू शकतील. म्हणून मला वेगळे प्रश्न विचारावेसे वाटतात. घरातला नेमका कोणता खर्च कमी होतो? तो कमी करायचं कोण ठरवतं? आणि त्याची झळ कुणाला लागते?

तीन रकाने

अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या गटांच्या बैठकांत आम्ही फळ्यावर तीन रकाने आखतो. पहिल्यात, गेल्या वर्षभरात घरातला कोणता खर्च कमी केला. दुसऱ्यात, तो कुणी ठरवून कमी केला. तिसऱ्यात, त्यामुळे कुणाचं काय गेलं. बाया सांगत जातात आणि शाळेत जाणारी एखादी मुलगी लिहीत जाते.

पहिला रकाना पटापट भरतो. दूध बंद, कोरा चहा सुरू. पालेभाजी आणि अंडी कधीमधी. वरणात पाणी जास्त. पॅड सोडून पुन्हा कापड. कंबरदुखीची गोळी बंद. गॅस पाहुण्यांपुरता, एरवी चूल. थोरलीची शिकवणी बंद, धाकट्याची चालू. यंदा माहेरी जाणं नाही. दुसऱ्या रकान्यात बहुतेक जणी ‘मीच’ असं सांगतात. मला कुणी सांगितलं नाही, माझं मीच ठरवलं, असं त्यात थोडं अभिमानानंही म्हटलं जातं. तिसऱ्या रकान्यात मात्र नावं येतात ती तिची स्वतःची, तिच्या लेकीची, फार तर म्हाताऱ्या सासूची.

मग मी विचारते, कमी न झालेले खर्च कोणते? थोडा वेळ सगळ्या गप्प बसतात. एखादी हळूच म्हणते, ‘गाडीचं पेट्रोल.’ त्यानंतर बांध फुटतो. मोबाइलचा रिचार्ज, तंबाखूची पुडी, राज्यात २०१२ पासून बंदी असूनही टपरीवर मिळणारा गुटखा, दारू, सावकाराचं व्याज, भावकीतल्या लग्नाचे आहेर. एका बैठकीत एक आजी म्हणाल्या, ‘त्याला खरच कोन म्हन्तं माय? त्यो गड्याचा हक हाय.’

पेट्रोल काही वेळा कामाधंद्यासाठीच लागतं, हे खरं आहे. सगळेच पुरुष उधळे असतात असंही मला म्हणायचं नाही. पण बाईच्या गोळीला ‘खर्च’ म्हणायचं आणि गड्याच्या पुडीला ‘हक्क’, हा हिशेबच मुळात वाकडा आहे. तो सरळ केल्याशिवाय काटकसरीचा कोणताही उपाय न्याय्य ठरणार नाही.

फुकट म्हणजे काय?

काटकसरीचे बरेच उपाय फुकट वाटतात, कारण त्यांची किंमत पैशात मोजली जात नाही. गॅस वाचवायचा म्हणून कापूस आणि तूर निघाल्यावर पऱ्हाट्या-तुराट्या उपटायच्या, भारे बांधून आणायच्या, पावसाळ्यापूर्वी रचून झाकायच्या आणि वर्षभर धूर खायचा. सिलिंडरचे पैसे वाचले खरे, पण तेवढे तास आणि तेवढा श्वास कुणाचा गेला? २०१६ च्या उज्ज्वला योजनेतून शेगडी घरात आली, तरी सिलिंडर भरून आणायचा की नाही हे ठरवताना बाईच्या श्रमाला किंमत शून्यच धरली जाते.

देशात २०२४ साली झालेल्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं खर्च करते. घरकामात हात घालणारा पुरुष ८८ मिनिटं देतो, आणि मुळात हात घालणारे पुरुषच थोडे. त्यामुळे ‘घरीच करा, पैसे वाचवा’ या सल्ल्याचा खरा अर्थ ‘बाईनं आणखी राबावं’ असा होतो.

ताटाचंही तेच. बाई शेवटी जेवते, म्हणजे जे उरलं ते तिचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात पुरेसं रक्त नाही, अशा राज्यात आपण त्यांना आणखी काटकसर करायला सांगतो आहोत.

या काटकसरीची सर्वांत क्रूर तऱ्हा लग्नाच्या मांडवात दिसते. ‘थोरलीच्या मांडवातच धाकटीचंही उरकून टाकू, खर्च एकच होईल,’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे. धाकटी तेव्हा नववीत असते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर हिशेब आणखी सरळ असतो. मुलगी पालावर सोबत नेली तर तिच्या राखणीची काळजी, गावात ठेवली तरी काळजी, आणि लग्न झालं की सासरी एक कोयता वाढतो, त्यावर उचल मिळते. मराठवाड्यात बालविवाहाचं प्रमाण राज्याच्या सरासरीहून जास्त आहे, त्यामागे ही ‘बचत’ही आहे. एका मांडवाचे पैसे वाचवण्यासाठी पोरीचं अख्खं आयुष्य खर्ची पडतं, आणि ते कुणाच्याच वहीत लिहिलं जात नाही.

थोडं गणित

काटकसर करायचीच तर जिथे पैसा मोठा जातो तिथे करावी. एक साधा हिशेब बघा. रोजचं पाव लीटर दूध बंद केलं, लीटरला ५० रुपये धरले, तर महिन्याला ३७५ रुपये वाचतात. त्याच घरानं सावकाराकडून २० हजार रुपये शेकडा ५ रुपये महिन्यानं घेतले असतील, तर महिन्याला १,००० रुपये नुसतं व्याज जातं. वर्षाचे १२ हजार झाले आणि मुद्दल जागच्या जागी. तेच कर्ज गटातून शेकडा २ नं घेऊन फेडलं, तर व्याज ४०० रुपयांवर येतं. महिन्याला ६०० रुपये वाचले. पोरांचं दूध पुन्हा सुरू केलं तरी २२५ रुपये उरतात, आणि गटाला दिलेलं व्याज गटातच, म्हणजे आपल्यातच राहतं.

खासगी कंपन्यांच्या साप्ताहिक हप्त्यांचंही असंच आहे. कर्ज बाईच्या नावावर, पैसा गड्याच्या हातात आणि हप्ता बाईच्या ताटातून. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२२ पासून आहे. चौथं कर्ज घ्यायचा आग्रह करायला कुणी दारात आलं, तर त्याला हा नियम विचारा.

दुसरा मोठा खर्च लग्नाचा. हुंड्याला १९६१ पासून कायद्यानं बंदी आहे, तरी सोयरिकीच्या बैठकीत आकडा ठरतोच. एकरभर रान विकून लग्न करायचं आणि पुढची दहा वर्षं मीठ-मिरचीत काटकसर करायची, याला संसार म्हणत नाहीत. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करून जोतीराव फुल्यांनी भटजीशिवाय, थोड्या खर्चात लग्नं लावून दाखवली. साधं लग्न ही आपल्याच मातीतली परंपरा आहे. पण ‘लोक काय म्हणतील’ याला एकटं घर उत्तर देऊ शकत नाही. गावातल्या गटांनी मिळून जेवणावळीची, आहेराची आणि मानपानाची मर्यादा ठरवली तरच ते जमतं.

हक्काचं ते घेणं

खर्च कमी करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे जे कायद्यानं आपलं आहे ते पुरतं घेणं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवून दिलं आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. याच कायद्यानुसार घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असते. दुकानदारानं माप कमी दिलं तर तो तुमच्या वर्षाच्या खर्चातच भर घालतो आहे, म्हणून पावती मागा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. औषध बाहेरून आणायची चिठ्ठी हातात दिली तर का, ते विचारा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. त्या सवलतीचा उपयोग बाजार आणि दवाखान्याबरोबर माहेरी जाण्यासाठी, मेळाव्याला येण्यासाठीही झाला पाहिजे.

जुलै २०२४ पासूनच्या लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये अनेक जणींच्या खात्यात आले. ते पैसे कशाला लागले हे गटात विचारलं, तर पुष्कळदा हप्ता किंवा किराणा असं उत्तर मिळतं. घरात इतर कुणी तेवढीच रक्कम द्यायचं बंद केलं का, हाही प्रश्न विचारून पाहा.

मग करायचं काय?

आमच्या गटांत जे थोडंफार जमलं ते इथे मांडते. घरातल्या सगळ्यांच्या खर्चाची एकच वही ठेवायची, त्यात पुडी आणि रिचार्जही लिहायचा, आणि महिन्यातून एकदा ती सगळ्यांसमोर वाचायची. ज्या कर्जाचं व्याज सर्वांत जास्त ते आधी फेडायचं. तूर निघाली की गटानं मिळून ती शेतकऱ्याकडून घ्यायची आणि वर्षाची डाळ करून वाटून घ्यायची. तेलाचे डबे एकत्र आणायचे. सांडपाण्यावर परसबाग करायची, पण पाणी घालायचं काम पोराकडे. आणि सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं. या शेवटच्या उपायाला एक पैसाही लागत नाही, तरी सर्वांत जास्त विरोध त्यालाच होतो.

‘ताई, वही वाचली तर मार बसंल,’ असं काही जणी सांगतात. ही भीती खोटी नाही. म्हणून एकटीनं विषय काढायचा नाही, गटानं काढायचा. ग्रामसभेत काढता आला तर आणखी चांगलं. आणि हेही लक्षात ठेवायचं की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं आर्थिक छळालाही हिंसाच मानलं आहे. ऐपत असून घरखर्चाला पैसे न देणं, बाईची कमाई काढून घेणं, हे कायद्याच्या दृष्टीनं घरगुती भांडण नाही.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बाया खडी फोडत होत्या. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या साथींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली. हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत हजारो बाया रस्त्यावर आल्या आणि त्यांनी तेल, साखर, रॉकेलचा हिशेब सरकारला मागितला. घरातल्या डब्यात आणखी किती भागवायचं, हा प्रश्न त्यांनी घरात ठेवला नाही. त्या दुष्काळी कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आपल्याला हा हिशेब दोन्ही ठिकाणी मागायचा आहे, सरकारकडे आणि घरातही.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत फळ्यावर हे तीन रकाने आखून बघा. तिसऱ्या रकान्यात कुणाची नावं आली ते आम्हाला लिहून कळवा, आणि ती बदलण्यासाठी तुमच्या गावात काय केलंत तेही.