व्यवहार-विवेक : बिऱ्हाड हलले, गाडीच्या विम्याचे काय?



भोरच्या बाजारपेठेतील एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी बिऱ्हाड पुण्यास, बिबवेवाडीत नेले. भोरचे राहते घर विकले, पेढी मात्र तेथेच आहे. स्नेह्यांनी त्यांना सल्ला दिला की, गाडीच्या विम्यावर भोरचाच पत्ता राहू द्या, पुण्याचा लावाल तर हप्ता वाढेल. असा सल्ला आपल्यात इतक्या सहजपणे दिला-घेतला जातो की, त्याचा हिशेब एकदा मांडून पाहणे अगत्याचे वाटते.

हप्त्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याची जी हानी होईल तिचा, म्हणजे थर्ड पार्टी विम्याचा, दर केंद्र सरकार ठरविते आणि तो देशभर एकच असतो. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीस तो वार्षिक ३,४१६ रुपये आहे. मग ती मोटार वेल्ह्यात उभी असो वा गिरगावात.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. यासाठी २००२ च्या दरपत्रकाने खाजगी मोटारींकरिता देशाचे दोन झोन केले. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ झोनमध्ये आणि उर्वरित भारत ‘ब’ मध्ये. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना या भागाचे दर स्वतः ठरविण्याची मुभा मिळाली, तरी पॉलिसीवर झोनचा रकाना आजही दिसतो. आमचे स्नेही येथेच चुकतात. झोन आपल्या घरावरून ठरत नाही. गाडीची नोंदणी कोणत्या परिवहन कार्यालयात झाली त्यावरून ठरतो. भोर-वेल्ह्याच्या गाड्यांची नोंदणी पुण्याला, क्रमांक एमएच-१२. म्हणजे आमच्या बंधूंची गाडी भोरच्या अंगणात उभी असतानाही पुण्याच्याच झोनमध्ये होती! कंपनीगणिक थोडाफार फरक पडेल. परंतु ज्या वाढीच्या भयाने पत्ता लपवायचा, ती वाढ मुळात या झोनमुळे होतच नाही.

नीरा ओलांडून शिरवळला गेले की मात्र सातारा जिल्हा, एमएच-११ आणि ‘ब’ झोन. तेथील कुटुंबाने पुण्यास येऊन गाडीची नोंदणीही पुण्याला आणली, तर त्या जुन्या दराने फरक किती? पाच वर्षांच्या आतील, १२०० सीसीच्या, सहा लाख विमामूल्याच्या मोटारीस ‘अ’ मध्ये ३.२८३ टक्के म्हणजे १९,६९८ रुपये; ‘ब’ मध्ये ३.१९१ टक्के म्हणजे १९,१४६. वर्षाला ५५२ रुपये, आणि तेही सवलती वजा करण्यापूर्वीचे.

आता पत्ता न बदलल्याचा खर्च पाहू. नूतनीकरणाचे पत्र विकलेल्या घरी जाते, जुना मोबाइल क्रमांकही बंद झालेला असतो, आणि पॉलिसीची मुदत नकळत उलटते. त्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर वर्षानुवर्षे दावा न केल्याबद्दल साठलेली सवलत, जी ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते, ती शून्य होते. सवलतीपूर्वी बारा हजारांचा हप्ता असेल तर सहा हजारांचे नुकसान! शिवाय मधल्या काळात अपघात घडला तर समोरच्याची भरपाई स्वतःच्या गल्ल्यातून.

मोटार वाहन कायद्याचे कलम ४९ सांगते की, नोंदणीपुस्तकातील पत्त्यावर मालकाचे राहणे वा व्यवसायाचे ठिकाण उरले नाही, तर ३० दिवसांत नवा पत्ता परिवहन कार्यालयास कळवावा. तेव्हा पुस्तकात पेढीचा पत्ता असेल आणि पेढी चालू असेल, तर भोरचा पत्ता ठेवण्यात काही गैर नाही. विकलेल्या घराचा असेल, तर नमुना ३३ भरून तो बदलावा आणि विमा कंपनीकडूनही पॉलिसीवर दुरुस्ती करून घ्यावी. तेथे आपण राहत नाही हे ठाऊक असून नूतनीकरणाच्या कागदावर तोच पत्ता निवासाचा म्हणून लिहिणे, यास तत्त्वार्थसूत्रात नाव आहे : कूटलेखक्रिया. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ती गणली आहे. वहीत खोटी नोंद न करणाऱ्या आपल्या पेढ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

हप्ता फारसा बदलला नाही तरी जोखीम बदलते, हेही ध्यानी असावे. भोरला असताना वरंधा घाटातील दरडीची धास्ती. पुण्यात तळघरातील पार्किंगची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काठच्या सोसायट्यांमधील वाहने वाहून गेली. सर्वंकष पॉलिसीत दरड आणि पूर दोन्ही येतात. परंतु पाण्यात बुडालेली गाडी सुरू करू पाहिल्याने इंजिन निकामी झाले, तर त्यास सहसा वेगळे संरक्षण घेतलेले असावे लागते. दुसरे असे की, घर पुण्यात व पेढी भोरला म्हटल्यावर मार्केट यार्डातून चार पोती मोटारीतच टाकून नेण्याचा मोह होणार. खाजगी मोटारीच्या पॉलिसीत नमुने व वैयक्तिक सामान सोडून मालवाहतूक वर्ज्य आहे. मालासाठी टेम्पोच बरा.

बंधूंच्या पॉलिसीची मुदत पर्युषणाच्या सुमारास संपते असे ते लिहितात. त्या दिवसांत कागदपत्रांकडे कोणाचे लक्ष असणार? नमुना ३३ चे काम त्यांनी चातुर्मास लागण्यापूर्वीच उरकून घ्यावे.