यंत्राशी संभाषण आणि चालकाचे अवधान

ज्याचे हात स्टिअरिंगवर आणि ज्याची दृष्टी रस्त्यावर, तो चालक सावध, असे गृहीत धरूनच मोटारीतील ध्वनिआज्ञेच्या यंत्रणेचा पुरस्कार केला जातो. आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 184 मध्ये हातात धरलेल्या संपर्कसाधनाच्या वापराचा समावेश करणारा आपला कायदाही हातांपाशीच थांबला आहे. परंतु अपघात टाळते ते अवधान, आणि ते डोळे उघडे असतानाही अन्यत्र गुंतू शकते.

अमेरिकेतील युटा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर व त्यांचे सहकारी यांच्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, आज्ञा देऊन झाल्यानंतरही, काही यंत्रणांच्या बाबतीत, चालकाचे चित्त पूर्ववत होण्यास 27 सेकंदांपर्यंत अवधी लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी 100 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार तेवढ्यात 750 मीटर पुढे गेलेली असते.

शेजारी बसलेला माणूस अवघड वळण येताच आपण होऊन बोलणे थांबवतो; यंत्राला मात्र ना घाट दिसतो, ना समोरून येणारा ट्रक. ते गावाचे नाव भलतेच ऐकते, चालक ते पुन्हा उच्चारतो, मग ते पर्याय वाचून दाखवते, आणि ते पर्याय स्मरणात धरून त्यांतून एक निवडण्यात बुद्धी गुंतलेली असताना रस्ता ओलांडणारे मूल डोळ्यांसमोर असूनही मनापर्यंत पोहोचत नाही.

हाताने मजकूर टंकण्यापेक्षा हे बरे, असा युक्तिवाद होतो. तो खरा मानला, तरी चालत्या गाडीत संदेश पाठवण्याची निकड मुळात किती असते, हा प्रश्न उरतोच. म्हणून गाडी गतिमान असताना संदेशलेखन आणि पत्त्याचा शोध या सुविधा आपोआप बंद राहाव्यात, संकटकाळी मदत मागण्याची मुभा तेवढी असावी, अशी सक्तीची तरतूद सरकारने करावी. आणि पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या ज्या संस्था नव्या वाहनांची तपासणी करून मान्यतेचे दाखले देतात, त्यांच्या कसोट्यांत चालकाच्या मनावर पडणाऱ्या या भाराचेही मोजमाप यावे. तशी तजवीज होईपर्यंत प्रत्येक चालकाने पत्ता निघण्यापूर्वीच नोंदवावा, आणि संदेश धाडणे भागच असेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून तो धाडावा. कारण रस्त्यावरील इतरांच्या जिवाची जबाबदारी त्याने किल्ली फिरवतानाच पत्करलेली असते.